कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात नेमके कधी जावे? कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

मुलांच्या शिक्षणाच्या ऐन वयात भारतातून कॅलिफोर्नियात आलेल्या कुटुंबांसाठी कम्युनिटी कॉलेज हा विद्यापीठाच्या पदवीकडे जाणारा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा रस्ता असतो. पहिली दोन वर्षे घराजवळच्या कॉलेजात शिकायचे आणि पुढची दोन वर्षे विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करायची, अशी ही व्यवस्था आहे. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेणारे विद्यार्थी आपल्या परिचयाचे असतात, त्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की डिप्लोमाची वर्षे आधीच ठरलेली असतात, तर इथे कम्युनिटी कॉलेजातून केव्हा बाहेर पडायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. कोणी दोन वर्षांनी जातो, कोणी तीन वर्षांनी, तर कोणी एकाच वर्षात निघण्याची घाई करतो.

हा निर्णय बहुतेक जण युनिट, म्हणजे अभ्यासक्रमांचे क्रेडिट, मोजून घेतात. साठ युनिट झाले की निघायचे, असा सरळ हिशेब असतो. माझे ठाम मत असे आहे की साठ युनिट ही केवळ पात्रता आहे, तयारी नव्हे. ज्या विषयात पदवी घ्यायची त्याचे पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण झाले आहेत का, अर्ज पाहणाऱ्याला दाखवण्याजोगे गुण हातात आहेत का आणि घरची आर्थिक व व्हिसाची स्थिती त्या वर्षी अनुकूल आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडल्याशिवाय वर्ष ठरवू नये. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : कोणत्या प्रकारच्या विद्यापीठात जायचे ते ठरवा

कॅलिफोर्नियात दोन मोठ्या सरकारी विद्यापीठ व्यवस्था आहेत. पहिली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली यूसी. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड अशा तिच्या ९ कॅम्पसमध्ये पदवीचे शिक्षण मिळते. दुसरी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू. सॅन होजे स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कॅल पॉली यांसारखे वीसहून अधिक कॅम्पस तिच्यात येतात. या दोन्ही व्यवस्था कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थ्यांना प्रामुख्याने तिसऱ्या वर्षाला घेतात. त्यामुळे एकाच वर्षात ट्रान्सफर, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणे, ही गोष्ट व्यवहारात खासगी किंवा अन्य राज्यांतील विद्यापीठांपुरतीच उरते. अशी विद्यापीठे दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा विचार करतात. परंतु कॉलेजचे युनिट कमी असल्यामुळे शाळेच्या म्हणजे नववी ते बारावीच्या गुणांनाही महत्त्व येते आणि खासगी फीचे एक वर्ष वाढते. ज्याचे शालेय गुण उत्तम आहेत आणि ज्याला भरघोस शिष्यवृत्तीची खात्रीशीर आशा आहे, त्यानेच हा मार्ग धरावा. बाकीच्यांनी आपल्यापुढे दोन वर्षे की तीन वर्षे एवढाच प्रश्न आहे असे समजावे.

दुसरी पायरी : मेजरची साखळी मोजा

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण वर्ष खऱ्या अर्थाने इथेच ठरते. असिस्ट नावाचे सरकारी संकेतस्थळ आहे. त्यावर तुमचे कम्युनिटी कॉलेज, जायचे ते यूसी किंवा सीएसयू आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडले की तुमच्या कॉलेजातील कोणता अभ्यासक्रम तिथल्या कोणत्या अभ्यासक्रमाच्या जागी धरला जातो, याचा तक्ता समोर येतो. तीन ते पाच कॅम्पसचे तक्ते काढून ते एका कागदावर एकत्र करा. मग त्यांतील प्रत्येक अभ्यासक्रमासाठी आधी काय झालेले असावे लागते ते कॉलेजच्या माहितीपत्रकात पाहून बाण काढा. जी साखळी सर्वांत लांब निघेल तिच्या कड्या मोजा. तुमची ट्रान्सफर त्या साखळीपेक्षा लवकर होऊ शकत नाही, मग एकूण युनिट कितीही होवोत.

एक उदाहरण जवळून पाहू. कुपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे उन्हाळा वगळता वर्षात तीन सत्रे. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलसचे चार क्वार्टर, त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा, अशी सहा कड्यांची गणिताची साखळी पुरी करावी लागते. पहिल्याच फॉलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यानंतर सुरू होणाऱ्या सत्रात, कॅल्क्युलसच्या पहिल्या भागापासून सुरुवात झाली, तर पहिल्या वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी तीन अशी साखळी दोन वर्षांत अगदी काठोकाठ बसते. मात्र सुरुवात कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितापासून झाली आणि त्यात दोन क्वार्टर गेले, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फक्त कॅल्क्युलस संपते. एकतर साखळीचा काही भाग मधल्या उन्हाळ्यात उरकावा लागतो, नाहीतर वरचे दोन अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षात जातात. भौतिकशास्त्राची मालिका गणिताच्या हातात हात घालून चालते, त्यामुळे गणित मागे पडले की तीही मागे पडते. याच विद्यार्थ्याने समाजशास्त्र, इतिहास, कला असे मेजरबाहेरचे, म्हणजे सामान्य शिक्षणाचे, विषय भरभरून घेतले, तर दोन वर्षांत त्याचे ९० क्वार्टर युनिट, म्हणजे ६० सेमिस्टर युनिट, सहज होतील आणि तरीही तो संगणकशास्त्रासाठी तयार नसेल. उलट इंग्रजी, मानसशास्त्र, राज्यशास्त्र यांसारख्या मेजरच्या साखळ्या आखूड असतात. तिथे दोन वर्षे पुरतात आणि तिसरे वर्ष काढण्याला सहसा काही अर्थ नसतो.

साखळीबाबत आणखी एक सावधगिरी आहे. एखादी मालिका ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवावी. सांता क्लाराचे मिशन किंवा फ्रीमाँटचे ओलोनी कॉलेज सेमिस्टर पद्धतीवर चालते, तर डी ॲन्झा आणि फूटहिल क्वार्टरवर. कॅल्क्युलसचा निम्मा भाग इकडे आणि निम्मा तिकडे घेतला, की काही प्रकरणे दोनदा येतात, काही सुटतात आणि विद्यापीठ अर्धी मालिका मान्य करायला नकार देऊ शकते. ऑर्गॅनिक केमिस्ट्री अर्ध्यावर सोडून ट्रान्सफर होणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

सामान्य शिक्षणासाठी २०२५ च्या फॉलपासून कॅल-गेटसी नावाचा ३४ युनिटांचा एकच सामायिक आराखडा यूसी आणि सीएसयू या दोन्हींसाठी लागू झाला आहे. कला आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी तो जाण्यापूर्वी पुरा करावा. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मात्र मेजरच्या साखळीला अग्रक्रम द्यावा. सामान्य शिक्षणाचे दोन-तीन विषय विद्यापीठात गेल्यावरही घेता येतात, पण मेजरचा पाया कच्चा असेल तर अर्जच मागे पडतो.

तिसरी पायरी : नोव्हेंबरपासून मागे मोजा

नव्याने आलेल्यांच्या लक्षात हे लवकर येत नाही, की ज्या फॉलमध्ये विद्यापीठात पाऊल ठेवायचे त्याच्या जवळपास एक वर्ष आधी अर्ज भरायचा असतो. यूसीचा अर्ज १ ऑक्टोबरपासून सादर करता येतो आणि त्याची मुदत नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास संपते. सीएसयूचा अर्ज साधारण त्याच काळात असतो. यूसीच्या ६ कॅम्पसची ‘टॅग’ नावाची प्रवेशहमी हवी असेल, तर तिचा अर्ज आणखी आधी, १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरावा लागतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे ते कॅम्पस. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो आणि संगणकशास्त्रासारखी मागणी असलेली काही मेजर त्यातून वगळलेली असतात, म्हणून त्या वर्षीचा टॅगचा तक्ता स्वतः वाचावा.

या तारखांचा खरा अर्थ पाहा. दोन वर्षांत जाणारा विद्यार्थी नोव्हेंबरमध्ये अर्ज भरतो, तेव्हा त्याच्या हाती केवळ पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे गुण असतात. ३१ जानेवारीपर्यंत भरायच्या अद्ययावत माहितीत फॉलचे गुण जोडले जातात, आणि प्रवेशाचा निर्णय तेवढ्यावरच होतो. म्हणजे ज्याला आपण दोन वर्षांची कामगिरी समजतो, ती प्रत्यक्षात दीडच वर्षाची असते. वर्षाअखेरच्या एका परीक्षेची सवय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला इथली दर आठवड्याची क्विझ, गृहपाठाचे गुण, पाठोपाठ येणाऱ्या मिडटर्म आणि वर्गातल्या चर्चेतला सहभाग हे सारे अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्यात पहिले सत्र खराब गेले, तर त्या दीड वर्षात त्याचे वजन फार मोठे ठरते. तिसरे वर्ष घेतले की निर्णयाच्या वेळी अडीच वर्षांचे गुण समोर असतात आणि सुरुवातीची घसरण त्यात बरीचशी झाकली जाते.

म्हणून वर्ष ठरवण्याची योग्य वेळ ही पहिल्या वर्षाचा वसंत, म्हणजे उन्हाळ्याआधीचे सत्र, होय. त्या वेळी एक-दोन सत्रांचे गुण कळलेले असतात, साखळी किती पुढे सरकली ते दिसते आणि उन्हाळ्यात कोणते विषय घ्यायचे ते ठरवता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : आवश्यक युनिट आणि विषय ट्रान्सफरच्या आधीच्या वसंत सत्रापर्यंत पुरे व्हावे लागतात. शेवटच्या उन्हाळ्यात उरलेले उरकू, हा हिशेब यूसीच्या बाबतीत धरू नये.

चौथी पायरी : गुणांकडे प्रामाणिकपणे पाहा

यूसीला अर्ज करण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला किमान २.४ आणि बाहेरच्याला किमान २.८ जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, लागतो. सीएसयूसाठी रहिवाशाला किमान २.० पुरतो. इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक अभ्यासक्रम ‘सी’ किंवा त्याहून चांगल्या ग्रेडने झाल्याशिवाय यूसीचे दार उघडत नाही. सीएसयूला भाषण, लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणित या चार विषयांत किमान ‘सी उणे’ हवा असतो. हे आकडे उंबरठ्याचे आहेत. बर्कली किंवा लॉस एंजेलिस येथील संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र यांसाठी प्रवेश मिळालेल्यांचे जीपीए याच्या कितीतरी वर असतात. यूसी मेजरनिहाय ही आकडेवारी प्रसिद्ध करते. ती पाहून आपण कुठे बसतो ते समजून घ्यावे.

एकाच सत्रात कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग कोंबून दोन वर्षांत निघण्याचा अट्टाहास धरणारे विद्यार्थी पुष्कळ दिसतात, आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते. कारण ‘सी’ मिळालेला अभ्यासक्रम पुन्हा घेऊन यूसीसाठी ग्रेड सुधारता येत नाही. पुनरावृत्ती फक्त त्याहून खालच्या ग्रेडसाठी धरली जाते. घाईत मिळवलेला ‘सी’ कायमचा राहतो. पुढच्या वर्षी सावकाश घेतलेल्या त्याच विषयात ‘ए’ मिळाला असता, तर एक वर्ष उशिरा का होईना, हव्या त्या कॅम्पसचा रस्ता उघडा राहिला असता.

पाचवी पायरी : व्हिसा आणि वय यांचे कॅलेंडर मांडा

भारतीय कुटुंबांच्या बाबतीत ही पायरी कधी कधी आधीच्या सगळ्या पायऱ्यांवर मात करते. आई किंवा वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील आणि मूल एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल, तर ते मूल कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्यावर, इथेच कायम राहण्याचा हेतू कागदपत्रांनी दाखवून, रहिवाशाच्या फीला पात्र ठरू शकते. मात्र मूल २१ वर्षांचे झाले की एच-४ संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना किती वर्षे थांबावे लागते हे कोणाला सांगायला नको; त्यामुळे पुष्कळ मुलांना पदवीच्या मध्येच एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि एफ-१ वर राहून रहिवासी दर्जा नव्याने मिळवता येत नाही. यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीव्यतिरिक्त वर्षाला ३४ हजार डॉलर्सहून अधिक शुल्क भरावे लागते. म्हणजे एकविसावा वाढदिवस कोणत्या सत्रात येतो यावर कुटुंबाचा हजारो डॉलर्सचा हिशेब फिरू शकतो.

यासाठी कागदावर एक आडवी रेघ काढून तिच्यावर प्रत्येक सत्र, एकविसावा वाढदिवस आणि व्हिसाच्या मुदती लिहाव्यात. तिसरे वर्ष घेतल्याने विद्यापीठाची जास्त सत्रे वाढदिवसानंतर जात असतील, तर ते तिसरे वर्ष स्वस्त राहत नाही. दर्जा बदलल्यावर आपला रहिवासी दर्जा टिकेल की नाही, हे त्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. ओळखीच्या कोणाच्या मुलाचे असे झाले होते, यावर विसंबू नये. आईवडिलांच्या ग्रीन कार्ड अर्जात मुलाचे वय कसे धरले जाते, हा प्रश्न इमिग्रेशन वकिलाचाच आहे. एच-४ वरील मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, हेही आधीच गृहीत धरावे.

जे विद्यार्थी भारतातून थेट एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजात येतात, त्यांना प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ युनिट घ्यावेच लागतात आणि या पूर्ण वेळेच्या गणतीत ऑनलाइन अभ्यासक्रम एकच धरला जातो. त्यामुळे सत्र हलके करण्याची मोकळीक त्यांना कमी असते आणि साखळीचे नियोजन पहिल्याच सत्रापासून करावे लागते. ट्रान्सफरच्या वेळी त्यांची सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील नोंद नव्या विद्यापीठाकडे सोडावी लागते आणि नवे शिक्षण पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागते. म्हणून मध्ये एखादे सत्र सुटी घेऊन पाहू, असा विचार परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय करू नये. भारतात एफवाय किंवा एसवाय केलेले असेल, तर तिथले गुण चांगले असोत वा वाईट, ते अर्जात दाखवावेच लागतात. लपवलेले शिक्षण उघडकीस आले की मिळालेला प्रवेश रद्द होतो.

सहावी पायरी : पैशाचा हिशेब

रहिवाशासाठी कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर आहे, म्हणजे ६० युनिटांची फी २,७६० डॉलर होते. यूसीत रहिवाशाची एका वर्षाची फीच १४ हजार डॉलर्सहून अधिक असते, राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. पायाभूत विषय जितके कम्युनिटी कॉलेजात होतील तितके बरे, हे यावरून उघड आहे; परंतु यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट पदवीत मोजले जातात. त्यापुढे घेतलेल्या विषयाने मेजरची अट पुरी होऊ शकते, पण युनिटची भर पडत नाही. तिसरे वर्ष साखळी पुरी करण्यासाठी घ्यावे, युनिट साठवण्यासाठी नव्हे.

निर्णय

हे सगळे समोर ठेवल्यावर पुढील परिस्थितीत एक वर्ष थांबावे असे मी सांगेन : मेजरच्या तक्त्यातील दोनपेक्षा अधिक आवश्यक अभ्यासक्रम वसंतापर्यंत पुरे होणार नसतील, गुण सत्रागणिक चढत असतील, पण पहिल्या सत्राने सरासरी खाली ओढली असेल, किंवा मेजरबद्दलच अजून मन ठरलेले नसेल. शेवटचे कारण कमी लेखू नये. यूसीत तिसऱ्या वर्षाला आल्यावर मेजर बदलणे अवघड असते, विशेषतः संगणकशास्त्रात, आणि दुसऱ्या मेजरमधून आत शिरू व मग बदलून घेऊ, हा बेत बहुतेक वेळा फसतो.

साखळी पुरी आहे, गुण स्थिर आहेत आणि केवळ नावाजलेल्या कॅम्पसच्या आशेने आणखी एक वर्ष काढावे का असा प्रश्न असेल, तर थांबू नये. त्याच वर्षी अर्ज करावा आणि त्यात टॅगचा एक भक्कम कॅम्पस, दोन-तीन आवडीचे कॅम्पस आणि सीएसयूचा एक-दोन पर्याय ठेवावा. सीएसयूकडे जाणाऱ्यांनी ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी, म्हणजे एडीटी, पूर्ण केली तर त्या व्यवस्थेत कुठे ना कुठे जागा मिळण्याची हमी असते. मात्र ती हवा तोच कॅम्पस मिळण्याची हमी नसते. आपल्याकडे नातेवाइकांत कॅम्पसच्या नावाची चर्चा फार होते. तिचा भार मुलाच्या वर्षावर पडू देऊ नये, अशी पालकांना कळकळीची विनंती आहे.

अर्जानंतर

ठरलेले वर्ष कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमधील काउन्सेलरला दाखवून त्यांच्याकडून सत्रनिहाय शैक्षणिक आराखडा लिहून घ्यावा आणि दर सत्रानंतर तो तपासावा. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये काउन्सेलरची वेळ मिळणे कठीण असते, म्हणून भेट उन्हाळ्यातच घ्यावी. यूसीच्या अर्जातील चार वैयक्तिक प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी ३५० शब्दांत लिहायची असतात आणि त्यांपैकी एक प्रश्न मेजरच्या तयारीविषयीच असतो. दुसऱ्या पायरीतील साखळीचा कागद तिथे फार उपयोगी पडतो.

यूसीचे निर्णय एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि स्वीकार १ जूनपर्यंत कळवायचा असतो. मिळालेला प्रवेश अटींवर असतो. अर्जात वसंतासाठी लिहिलेला विषय न कळवता सोडला किंवा त्यात ग्रेड घसरली, तर प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो. बदल करायचा असेल तर आधी विद्यापीठाला कळवावे. अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, १ जुलैपर्यंत पोहोचवावी लागते. प्रवेश हाती येऊन तो स्वीकारेपर्यंत कम्युनिटी कॉलेजातील पुढच्या फॉलची नोंदणीही करून ठेवावी, म्हणजे हवी ती जागा मिळाली नाही तरी साखळीतला पुढचा वर्ग हातचा जात नाही आणि एफ-१ वरील विद्यार्थ्याचा दर्जाही अधांतरी राहत नाही.